तीन चाकांचे बारसे

कायद्याच्या दरबारात निनावी वस्तूला प्रवेश नसतो. एखादी नवी वस्तू जगात आली की प्रथम तिला नाव हवे. नाव मिळाले म्हणजे मग तिचे हक्क कोणते, बंधने कोणती, तिच्यावर कर किती आणि ती चालविणाऱ्याने कोणता परवाना जवळ बाळगावा, हे सारे त्या नावामागून आपोआप येते. परंतु घरात बाळाचे नाव ठेवताना वडील मंडळी जेवढा विचार करतात, तेवढाही विचार कायदा कित्येकदा करीत नाही. जुन्या यादीतले जवळपासचे एखादे नाव उचलून तो नव्या वस्तूला चिकटवून देतो, आणि त्या नावाचे बरेवाईट परिणाम मात्र सामान्य माणसाच्या वाट्याला येतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बंदिस्त तीनचाकी गाड्यांच्या परवान्यावरून जे घडले, ते ह्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले, भाचे, पुतणे त्या देशी स्थायिक झालेले आहेत. आणि ज्यांचे कोणीच तिकडे नाही, त्यांच्याही दारावरून रोज तीनचाकी धावतेच. म्हणून आज हा विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. गाडी कशी बांधावी, हे तेथे मध्यवर्ती सरकार ठरविते. १९६६ साली तेथील काँग्रेसने वाहनांच्या सुरक्षिततेविषयी कायदा केला, आणि त्याखाली मोटारगाडीची धडक सोसण्याची शक्ती, छपराचा भक्कमपणा, आसनपट्टे, पुढे एअरबॅगा, ह्यांविषयीचे नियम होत गेले. उलट गाडी कोणी चालवावी, त्याने कोणती परीक्षा द्यावी, डोक्यावर शिरस्त्राण घालावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्याचा आहे. राज्ये पन्नास, आणि राजधानीचा जिल्हा निराळा. तेव्हा गाडीला नाव देणारा एक आणि त्या नावाप्रमाणे चालकाला वागविणारे पन्नासाहून अधिक, असा हा प्रकार आहे.

आता त्या मध्यवर्ती नियमातील मोटारसायकलीची व्याख्या पाहा. ज्या मोटार वाहनाला स्वारासाठी आसन किंवा खोगीर आहे आणि जे जमिनीवर तीनांहून अधिक चाकांनी चालत नाही, ते मोटारसायकल, असा तिचा आशय आहे. तीन चाके म्हटली की त्या काळी लोकांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहत असे? एक तर बाजूला प्रवाशाची पेटी जोडलेली मोटारसायकल, किंवा हार्ले-डेव्हिडसन कंपनीची ‘सर्व्ही-कार’ ही मागे दोन चाके असलेली उघडी तीनचाकी. ही गाडी १९३२ पासून १९७३ पर्यंत तयार होत होती आणि पोलीस शिपाई तीवरून शहरातील उभ्या मोटारींवर नजर ठेवीत. हिला मोटारसायकल म्हणण्यात काहीच वावगे नव्हते. परंतु व्याख्येने मोजली ती फक्त चाके. छप्पर आहे काय, दारे आहेत काय, चालक स्टिअरिंगचे चाक धरून खुर्चीत बसतो की दोन्ही बाजूंना पाय टाकून मूठ धरतो, ह्याची तिने विचारपूसच केली नाही. त्यामुळे पुढे कोणी दारे, छप्पर, काच, खुर्ची आणि पायाखाली ब्रेक असलेली तीनचाकी बनविली, तरी कायद्याच्या वहीत ती मोटारसायकलच ठरली.

ह्या नावाने कारखानदाराचा मोठा लाभ झाला. मोटारगाडीवर लागू असलेले धडक-चाचणीचे आणि एअरबॅगांचे सक्तीचे नियम त्याला लागू राहिले नाहीत. मोटारसायकलीचे दिवे, ब्रेक, टायर इत्यादींचे मोजके नियम पाळले म्हणजे झाले. साहजिकच गाडी हलकी आणि स्वस्त करणे शक्य झाले. परंतु त्याच नावाचा भार चालकाच्या डोक्यावर बसला. मोटारसायकल चालवायची तर पुष्कळ राज्यांत नेहमीच्या मोटारीच्या परवान्यावर निराळी नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दुचाकीवर तोल सांभाळण्याची परीक्षा द्यावी लागते. जी गाडी उभी असताना पडत नाही, जिला पायाचा टेकू लागत नाही, ती चालविण्यासाठी दुचाकीचा तोल शिकणे म्हणजे होडी वल्हविण्यासाठी घोड्यावर बसण्याचे शिक्षण घेण्यासारखे आहे. शिवाय जेथे शिरस्त्राणाची सक्ती आहे, तेथे काचबंद गाडीत आसनपट्टा बांधून बसलेल्या गृहस्थाने आणि त्याच्या पत्नीनेही शिरस्त्राण घालावे, असा प्रसंग आला.

ही विसंगती चव्हाट्यावर आणली ती मुख्यतः एका कंपनीने. पॉल एलिओ ह्या अभियंत्याने २००९ साली ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथे ‘एलिओ मोटर्स’ ही कंपनी स्थापन केली. पुढे दोन चाके, मागे एक. एकामागे एक अशी दोन आसने. एका गॅलनमध्ये ८४ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ३६ किलोमीटर जाण्याचा दावा. आणि किंमत प्रथम सांगितली ती अवघी ६,८०० डॉलर, जी पुढे सात हजारांवर गेली. लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे जनरल मोटर्सचा कारखाना २०१२ साली बंद पडला होता. तेथेच ही गाडी बनवू आणि पंधराशे लोकांना काम देऊ, असे आश्वासन देण्यात आले. ज्या गावातून एक मोठा कारखाना उठून गेला आहे, त्या गावाला असे आश्वासन किती मोलाचे वाटले असेल, ह्याची कल्पना आपल्याकडील गिरणगावांतील वाचकांना सहज येईल. कामावर जाण्यायेण्यासाठी स्वस्त वाहन हवे असलेली हजारो माणसेही पुढे आली. ६५,००० हून अधिक लोकांनी शंभरापासून हजार डॉलरांपर्यंत रक्कम भरून आपापली नावे नोंदविली, आणि त्यांपैकी पुष्कळांनी तर ती रक्कम परत मिळणार नाही ही अट मान्य करून भरली.

परंतु घरची मोटार चालविणारा मनुष्य मोटारसायकलीची परीक्षा देण्यास तयार होणार नाही, हे कंपनीने ओळखले होते. म्हणून तिचे प्रतिनिधी एकेका राज्याच्या विधिमंडळाकडे गेले आणि म्हणाले, ह्या गाडीला निराळे नाव द्या. ते नाव म्हणजे ‘ऑटोसायकल’. व्याख्या राज्याराज्यांत थोडी निराळी असली, तरी गाभा बहुधा असा असतो: तीन चाके, स्टिअरिंगचे चाक, पाय दोन्ही बाजूंना टाकून बसावे लागणार नाही असे आसन, आणि बहुतेक ठिकाणी आसनपट्टे. अशी गाडी चालविण्यास मोटारीचा साधा परवाना पुरे. काही वर्षांच्या अवधीत बहुसंख्य राज्यांनी ह्या किंवा अशाच स्वरूपाची सवलत दिली.

टेक्सास राज्याचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. पोलॅरिस कंपनीने २०१४ साली ‘स्लिंगशॉट’ नावाची तीनचाकी बाजारात आणली. हिला छप्पर नाही, दारे नाहीत. परंतु शेजारी शेजारी दोन खुर्च्या आणि स्टिअरिंगचे चाक आहे. टेक्सासच्या कायद्यात मोटारसायकलीला स्वाराचे ‘खोगीर’ असावे असे म्हटले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील अधिकाऱ्यांनी ठरविले की खुर्ची म्हणजे खोगीर नव्हे. सबब ही मोटारसायकल नव्हे. मोटारगाडी तर ती नव्हतीच. दुकानात उभी असलेली गाडी एका शब्दापायी विक्रीस अपात्र ठरली! २०१५ साली तेथील विधिमंडळाला कायदा दुरुस्त करून तिला जागा करून द्यावी लागली. उलट कॅलिफोर्नियात तीनचाकीला साधा परवाना चालतो. मात्र शिरस्त्राणाची सूट हवी असेल तर गाडी पूर्ण बंदिस्त, निदान सात फूट लांब, चार फूट रुंद आणि निदान ९०० पौंड वजनाची असली पाहिजे. उघड्या स्लिंगशॉटमधील दोघांना तेथे शिरस्त्राण घालावेच लागते. इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ह्या राज्यांत तर मोटारसायकलवाल्या प्रौढांनाही शिरस्त्राणाची सक्ती नाही. म्हणजे गाडी तीच, माणूस तोच, डोकेही तेच. राज्याची सीमा ओलांडली की कायदा निराळा.

इतके सारे कायदे बदलले गेले, पण त्याचे फलित काय? एलिओची गाडी कारखान्यातून बाहेर पडण्याचे साल पुढे पुढे सरकत गेले. नमुन्याच्या काही गाड्या तयार झाल्या, गावोगाव मिरविल्या गेल्या. परंतु ज्यांनी पैसे भरले त्यांच्यापैकी एकाच्याही दारी गाडी आली नाही. श्रीव्हपोर्टच्या पंधराशे नोकऱ्याही आल्या नाहीत. परवान्याचा अडसर दूर झाला होता. अडले होते ते भांडवलापाशी. वरात येण्याआधीच मांडव घातला गेला, आणि नवरदेव मात्र आलाच नाही.

येथे आम्हांस आमचे मत स्पष्टपणे मांडले पाहिजे. परवान्याची अट शिथिल केली, ह्यात राज्यांनी चूक केली असे आम्ही म्हणत नाही. जी कला त्या गाडीला लागतच नाही, तिची परीक्षा घेणे हा निव्वळ जाच होय, आणि असा जाच अखेर गरिबालाच अधिक बाधतो. परंतु विचार अर्ध्यावरच थांबला, ही आमची तक्रार आहे. कारखानदाराला विचारावे, मोटारगाडीचे सुरक्षेचे नियम का पाळत नाही? तो म्हणतो, ही मोटारसायकल आहे. चालकाला विचारावे, मोटारसायकलीचे शिक्षण का घेतले नाही, शिरस्त्राण का नाही? तो म्हणतो, ही मोटारगाडीसारखीच आहे. दोघांचेही म्हणणे कायद्याला धरून आहे. आणि दोघांच्या मधल्या फटीत, गाडीच्या मागच्या आसनावर, कोणाची तरी आई किंवा कोणाचे तरी लेकरू बसलेले आहे. एका नावाची सवलत एकाने घेतली आणि दुसऱ्या नावाची दुसऱ्याने; जबाबदारी मात्र दोन्ही नावांची राहून गेली. एलिओ कंपनीने आपल्या गाडीत तीन एअरबॅगा आणि मजबूत सांगाडा देण्याचे स्वतःहून जाहीर केले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु एकाने स्वेच्छेने दिलेले वचन दुसऱ्या कारखानदाराला बांधीत नाही. लुइझियानाचे सेनेटर डेव्हिड व्हिटर ह्यांनी २०१५ साली सेनेटमध्ये एक विधेयक मांडले होते. ऑटोसायकल हा निराळा वर्ग मानून तिच्यासाठी मध्यवर्ती सरकारने सुरक्षेचे नियम करावेत, असा त्याचा हेतू होता. ते संमत झाले नाही. परवाना सोपा करणारी विधेयके राज्यामागून राज्यांत संमत झाली, आणि सुरक्षा वाढविणारे एक विधेयक मागे पडले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट कायद्याने पाहिली नाही. त्याने चाके मोजली, पण ती कोठे बसविली आहेत हे पाहिले नाही. दोन चाके पुढे आणि एक मागे असलेली गाडी, आणि एक पुढे व दोन मागे असलेली गाडी, ह्यांच्या स्वभावात अंतर आहे. वळणावर वेगाने ब्रेक दाबला असता गाडीचा भार पुढच्या बाहेरील कोपऱ्याकडे झुकतो. तेथे चाक असेल तर तो पेलला जातो. नसेल तर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. चारचाकीच्या सवयीने तीनचाकी हाकणाऱ्याला हे कोणीतरी शिकविले पाहिजे. दुचाकीची परीक्षा हे शिकवीत नाही, आणि चारचाकीचीही नाही.

उसने नाव कधी चालकाच्या अंगावर येते तर कधी त्याच्या कामी येते, हे विलायतेच्या अनुभवावरून दिसते. तेथे टॅमवर्थ गावची रिलायंट कंपनी पुढे एक चाक असलेल्या बंदिस्त तीनचाकी गाड्या कित्येक वर्षे बनवीत असे. १९७३ साली निघालेली ‘रॉबिन’ ही त्यांतील प्रसिद्ध. वजन आठ हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे चारशे किलोच्या आत असले की अशा गाडीला मोटारसायकलीचा कमी कर पडे आणि ती मोटारसायकलीच्या परवान्यावर चालविता येई. तेव्हा बाजूच्या पेटीत बायकोला आणि मांडीवर मुलाला बसवून पावसात भिजणारा कामगार, नवी परीक्षा न देता, कुटुंबाला छपराखाली आणू शकला. तेच नाव अमेरिकेत घरच्या मोटारवाल्याला अडसर झाले. खुद्द अमेरिकेतही ह्या नावाने एकदा कारखानदारालाच दगा दिला. कॅलिफोर्नियातील अॅप्टेरा कंपनीने कमी इंधनाच्या वाहनांसाठी ठेवलेले सरकारी कर्ज मागितले, तेव्हा तीन चाकांची गाडी ही मोटारगाडी नव्हे ह्या कारणास्तव ती अपात्र ठरली. २००९ साली त्या योजनेचा कायदा दुरुस्त करण्यात आला आणि गॅलनला निदान ७५ मैल जाणाऱ्या, दोन माणसांच्या बंदिस्त गाड्यांना तीत जागा मिळाली. तरीही कर्ज हाती येण्यापूर्वीच, २०११ च्या डिसेंबरात, त्या कंपनीला टाळे लागले. २०१९ साली तिच्या मूळ संस्थापकांनी ती पुन्हा उभी केली, ही गोष्ट निराळी.

हे सारे दूरदेशीचे आहे असे मानून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आपल्याकडे ह्याच नाटकाचा प्रवेश उलट क्रमाने झाला. अमेरिकेत कायदा आधी आला आणि गाडी आलीच नाही; आपल्याकडे गाडी आधी आली आणि कायदा मागून धावत आला. दिल्लीच्या रस्त्यांवर विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा हजारोंनी धावू लागल्या. त्यांना नोंदणी नव्हती, चालकांना परवाना नव्हता, विमा नव्हता. ह्यांची मोटार इतकी दुबळी आहे की ही मोटार वाहने नव्हेतच, असा युक्तिवाद केला जात असे. पुन्हा तोच नावाचा प्रश्न! २०१४ च्या जुलै महिन्यात एका ई-रिक्षाच्या धक्क्याने आईच्या हातातील लहान मूल गेले, आणि ३१ जुलै रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ह्या गाड्यांना मनाई केली. हजारो गरीब चालकांची चूल एका दिवसात विझली. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारने नियम केले आणि २०१५ साली संसदेने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून ‘ई-रिक्षा’ हे नाव त्यात घातले. चालकाशिवाय प्रवासी चार, सामान चाळीस किलो, वेग ताशी पंचवीस किलोमीटर, अशी मर्यादा घालण्यात आली. भाड्याचे वाहन चालविण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जवळ असावा, ही सर्वसाधारण अट ह्या चालकांपुरती काढून टाकली. परंतु तिच्या जागी निदान दहा दिवसांचे शिक्षण घेण्याचा नियम घातला.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. एक अट काढली, पण तिची जागा रिकामी ठेवली नाही. त्या गाडीला साजेशी दुसरी अट घातली. चालकाच्या पोटाचा विचार झाला आणि प्रवाशाच्या जिवाचाही. अंमलबजावणीत किती ढिलाई आहे हे आपण सारे रस्त्यावर पाहतोच; चाराच्या जागी सात मुले कोंबलेली रिक्षा कोणी पाहिली नाही? परंतु नियमाची ही घडण योग्य दिशेची आहे. अमेरिकेतील राज्यांनी दुचाकीची परीक्षा काढली तेव्हा तिच्या जागी तीनचाकीचे दोन घटकांचे शिक्षण ठेवले असते, आणि मध्यवर्ती सरकारने कारखानदारांसाठी बेताचे का होईना पण सक्तीचे सुरक्षानियम केले असते, तर ती सवलत खऱ्या अर्थाने लोकहिताची ठरली असती.

आता कुटुंबवत्सल वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि अशा गाडीचा विचार करीत आहेत, त्यांनी त्यांस तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ह्या गाडीची धडक-चाचणी झाली आहे काय, की ती नावाने मोटारसायकल असल्यामुळे त्यातून सुटली आहे? आपल्या राज्यात, आणि ज्या राज्यांतून नेहमी जाणेयेणे आहे तेथेही, साधा परवाना पुरतो काय आणि शिरस्त्राणाचा नियम काय? आणि विमा कंपनी तिला कोणत्या नावाने ओळखते? ह्यापुढची सूचना मात्र सर्वांसाठी आहे. जी वस्तू अजून बनलेली नाही, तिच्यासाठी परत न मिळणारी रक्कम भरू नये. मग ती वस्तू अमेरिकेतील गाडी असो की आपल्याकडील घर असो. आणि इंदूरला, बेळगावला, वडोदऱ्याला किंवा आणखी कोठे मुलांना शाळेत नेणारी रिक्षा ठरविताना भाड्याची घासाघीस करण्याआधी चालकाचा परवाना पाहावा आणि मुले मोजावीत. चालकाला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. जो परवाना बाळगतो त्याला तो दाखविण्यात भूषणच वाटते.

नाव देणे हा कायद्याचा अधिकार आहे. परंतु नाव दिले म्हणून वस्तूचा स्वभाव बदलत नाही. तीन चाकांची गाडी वळणावर कलंडताना वहीत तिचे नाव काय लिहिले आहे हे पाहत नाही. म्हणून नाव देणाऱ्याने वस्तू आधी नीट पाहावी, आणि नावाखाली तीत बसणाऱ्याने तर ती दुप्पट नीट पाहावी, एवढेच आमचे सांगणे आहे.